जाळी परत आली नाही: नेटवर्क ड्रायव्हरमधली मेमरी गळती कशी पकडायची

सातपूर एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मशिनांचा डेटा गोळा करणारा एक लिनक्स बॉक्स होता. रॅम जेमतेम ५१२ एमबी. दोन वर्षं तो बिनतक्रार चालला, कारण आठवड्याच्या सुट्टीला मेन स्विच पडायचा आणि दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने सुरू व्हायचं. मग एक मोठी ऑर्डर आली, सुट्ट्या रद्द झाल्या आणि सलग चालवल्यावर अठराव्या दिवशी पहाटे बॉक्सने मान टाकली. स्टोअरचे नाना फोनवर म्हणाले, "बंद करून चालू केलं की चालतंय की. तू कशाला येतोस एवढ्या लांब?"

चालत होतंच. दोन वर्षं दर आठवड्याला कोणीतरी नकळत तो बरा करत होतं, म्हणून आजार दिसला नाही एवढंच.

त्या बॉक्सच्या निमित्ताने हे लिहितोय, पण ते आहे नुकतंच इंजिनीअरिंग संपवून सिस्टिम ॲडमिनच्या कामाला लागलेल्यांसाठी. टर्मिनल उघडता येत असेल आणि सी भाषेतला ‘इफ’ वाचता येत असेल तर पुरे. आज्ञांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलीत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी लिपीत करा.

आधी ‘गळती’ हा शब्द बाजूला ठेवा

गळती म्हटलं की नळ, टाकी, भिंतीची ओल आठवते. मेमरी गळते तेव्हा थेंबही बाहेर सांडत नाही. टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजारात गेलात तर वीस किलोच्या प्लास्टिकच्या जाळ्यांच्या थप्प्या दिसतील. जाळी भरून जाते, रिकामी होते, पुन्हा भरायला येते. आता समजा एक जाळी परत आलीच नाही. फुटली नाही, चोरीला गेली नाही. एका गाळ्याच्या मागे पडून आहे, आणि वहीत ती कोणाच्याच नावावर नाही. कोणी वापरत नाही, कोणी मागतही नाही. अशा जाळ्या साठत गेल्या की एके सकाळी माल दारात उभा आणि भरायला जाळी नाही.

पॅकेट आलं की नेटवर्क ड्रायव्हर, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणारा कोड, कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) मेमरीचा एक तुकडा मागतो, त्यात पॅकेट भरतो आणि वरच्या थराकडे सोपवतो. लिनक्समध्ये या जाळीला ‘एसके-बफ’ म्हणतात, बोलताना ‘एसकेबी’. काम झालं की तुकडा मोकळा. रोजच्या धबडग्यात जाळ्या हरवत नाहीत, कारण ती वाट दिवसाला लाखो वेळा तुडवली जाते. तिथे चूक असती तर पहिल्याच तासात कळली असती. जाळ्या हरवतात त्या गाडी वाटेत बंद पडली, सौदा फिसकटला, माल नापास झाला, तेव्हा. अशा वेळी जाळी परत कोणी न्यायची हे कोणी ठरवलेलंच नसतं. ड्रायव्हरमधली गळतीही जवळपास नेहमी बिघाडाच्या वाटेवर असते, आणि पुढे आपण तीच वाट शोधणार आहोत.

आणखी एक फरक समजून घ्या. साधा प्रोग्राम मेमरी गळवत असेल तर तो बंद केला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याचं सगळं परत घेते. कर्नलच्या आत अशी झाडझूड करणारं कोणी नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा बसवला तरी त्याने हरवलेले तुकडे परत येत नाहीत; ते थेट रिस्टार्टलाच सुटतात. अपवाद ‘डेव्हएम’ने सुरू होणाऱ्या फंक्शनांनी मागितलेल्या मेमरीचा: ती उपकरणाला बांधलेली असते आणि उपकरण सुटलं की आपोआप मोकळी होते. पण एकेका पॅकेटसाठी कोणी ती वापरत नाही.

पायरी १: खरंच गळती आहे का?

नवा माणूस ‘फ्री’ ही आज्ञा चालवतो, मोकळी मेमरी शंभर एमबी बघतो आणि घाबरतो. लिनक्स रिकामी रॅम रिकामी ठेवत नाही, फाइलींचा साठा करायला वापरतं आणि गरज पडली की सोडून देतं. म्हणून बघायचा आकडा वेगळा. ‘प्रॉक’मधल्या ‘मेमइन्फो’ फाइलीत ‘मेमअव्हेलेबल’ नावाची ओळ आहे, २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून. नव्या कामाला खरोखर किती मेमरी मिळू शकेल याचा तो कर्नलचा स्वतःचा अंदाज.

एकदा बघून काही कळत नाही. ‘क्रॉन’ला दर पाच मिनिटांनी तीन आकडे एका फाइलीत लिहायला लावा: मेमअव्हेलेबल, त्याच फाइलीतला ‘एसअनरिक्लेम’, आणि नेटवर्क कार्डाचा चुकांचा मोजक. निदान एक पूर्ण दिवस, जमलं तर दोन. मग स्प्रेडशीटमध्ये आलेख काढा. वरखाली होणारी करवतीसारखी रेघ निरोगी असते. फक्त उतरत जाणारा जिना दिसला, रात्री काम थंडावल्यावरही वर न चढणारा, तर पुढे वाचा.

पायरी २ आणि ३: कोण खातंय, आणि कुठल्या खान्यातून

‘टॉप’ उघडून मेमरीनुसार क्रम लावा. एखादा प्रोग्राम फुगत असेल तर प्रश्न त्याचा, ड्रायव्हरला दोष देऊ नका. (माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा इथेच उत्तर मिळतं. कर्नलवर संशय घ्यायला सगळ्यांनाच आवडतं, भारदस्त वाटतं.) सगळे प्रोग्राम जागच्या जागी आणि एसअनरिक्लेम चढतोय, म्हणजे कर्नलने घेतलेली आणि परत घेता न येणारी मेमरी वाढतेय, तर दिशा बरोबर.

आता रूट होऊन ‘स्लॅबटॉप’ चालवा, मायनस एस सी लावून, म्हणजे मोठे खाने वर येतील. कर्नल मेमरीचे तुकडे आकारानुसार वेगवेगळ्या खान्यांत ठेवतो. नेटवर्कच्या गळतीत बहुधा दोन ठिकाणी सूज दिसते: ‘एसकेबफ’ने सुरू होणाऱ्या खान्यात, म्हणजे पॅकेटच्या माहितीचा भाग, आणि ‘केमॅलॉक’च्या ५१२ बाइट, १के किंवा २के अशा एखाद्या खान्यात, म्हणजे पॅकेटचा मजकूर. वस्तूंची संख्या लिहून ठेवा, तासाने पुन्हा बघा.

इथे एक खोडी आहे. कर्नल सारख्या आकाराचे खाने कधीकधी एकत्र करतो, आणि मग नाव एकाचं, माल दुसऱ्याचा असं होतं. संशय आला तर बूटच्या ओळीत ‘स्लॅब नोमर्ज’ टाकून पुन्हा चालू करा, खाने वेगळे दिसतील.

दुसरी खोडी जास्त त्रासाची. काही ड्रायव्हर तुकडे न मागता थेट पानंच्या पानं, म्हणजे मेमरीचे अख्खे ठोकळे, उचलतात. ती स्लॅबमध्ये, म्हणजे या खान्यांत, दिसत नाहीत. मेमअव्हेलेबल उतरतोय, स्लॅब स्थिर, प्रोग्राम स्थिर, आणि हिशोब काही लागत नाही, असं झालं तर ‘पेज ओनर’ ही सोय चालू केलेला कर्नल लागेल. कुठलं पान कोणी मागितलं याची नोंद तो ठेवतो.

पायरी ४: चुकांचा मोजक समोर ठेवा

‘इथटूल’ला मायनस आय आणि कार्डाचं नाव दिलं की ड्रायव्हर कोणता, आवृत्ती कोणती ते कळतं. ‘आयपी मायनस एस लिंक’ने पॅकेटं, चुका, टाकून दिलेली पॅकेटं दिसतात. ‘इथटूल’ मायनस मोठा एस दिला तर ड्रायव्हरचे स्वतःचे मोजक बाहेर येतात, चुकांच्या प्रकारांसकट.

सातपूरच्या बॉक्सवर अंगभूत कार्ड जळालं होतं आणि कोणीतरी यूएसबीवर लावायचं स्वस्तातलं नेटवर्क ॲडॉप्टर बसवलं होतं, सोबत आलेल्या झिप फाइलीतल्या ड्रायव्हरसकट. मी वहीत दोन रकाने आखले. एका तासात येणाऱ्या फ्रेममधल्या (फ्रेम म्हणजे तारेवरून जाणारं पॅकेट) चुका साधारण चारशेने वाढल्या. त्याच तासात २के खान्यातल्या वस्तूही जवळपास तितक्याच वाढल्या. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही थांबले, सुट्टी संपताच दोन्ही सुरू झाले. केबलच्या मागे मागे गेलो तर ती वेल्डिंग मशीनच्या वायरीला चिकटून पंधरा फूट गेलेली. वेल्डिंग चालू झालं की केबलमध्ये गडबड, फ्रेम खराब, आणि प्रत्येक खराब फ्रेममागे एक जाळी गायब.

हिशोब करून बघा. तासाला ४०० गुणिले २ केबी म्हणजे ८०० केबी. दिवसाला १९ एमबीच्या आसपास. सहा दिवसांत ११५, म्हणजे सुट्टीपर्यंत कोणाच्या लक्षातही येणार नाही. बॉक्समध्ये प्रत्यक्ष कामाला उरलेली मेमरी होती ३५० एमबीच्या आसपास. अठरा दिवसांत ती संपते. अठराव्या दिवसाची ती पहाट योगायोगाची नव्हती.

मेमरी संपली की कर्नल ‘ओओएम किलर’ला पाठवतो. तो सर्वात जास्त मेमरी धरून बसलेला प्रोग्राम शोधून मारतो. ड्रायव्हर प्रोग्राम नसल्याने तो यादीतच नसतो. बळी जातो तो डेटाबेसचा किंवा वेब सर्व्हरचा. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, अशी ओळ दिसली की मेलेल्याची चौकशी नंतर करा, मेमइन्फो आधी बघा.

पायरी ५: साक्षीदार आणा

आकडे जुळले म्हणजे संशय पक्का, पुरावा नाही. पुराव्यासाठी लिनक्समध्ये ‘केमेमलीक’ आहे, २००९ च्या २.६.३१ आवृत्तीपासून. कल्पना साधी: कर्नलने दिलेल्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवायची, मग अधूनमधून सगळी मेमरी चाळून बघायचं की त्या तुकड्याचा पत्ता कुठे तरी लिहिलेला आहे का. ज्याचा पत्ता कोणाकडेच नाही तो कोणी मोकळा करूच शकणार नाही. गाळ्यामागची जाळी!

नेहमीच्या कर्नलमध्ये ही सोय सहसा बंद असते, म्हणून चालत्या मशीनवर प्रयोग नको. लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये (मशीनची नक्कल चालवणारा प्रोग्राम) दोन व्हर्च्युअल मशीन करा, एकाला २ जीबी रॅम द्या, त्यात केमेमलीक चालू करून बांधलेला कर्नल टाका. यूएसबी ॲडॉप्टर असेल तर तो सरळ त्या मशीनच्या ताब्यात देता येतो. मग हा क्रम:

‘डीबगएफएस’मधल्या (कर्नलच्या तपासणीसाठीची फाइलसिस्टिम) केमेमलीकच्या फाइलीत ‘क्लिअर’ लिहा, म्हणजे जुन्या शंका पुसल्या जातील. दुसऱ्या मशीनवरून रहदारी पाठवा, चुका होतील अशी. ‘स्कॅन’ लिहा. थोडं थांबून पुन्हा ‘स्कॅन’ लिहा. आता तीच फाइल वाचा.

दोनदा का? नुकताच मागितलेला तुकडा क्षणभर कोणाच्याच हातात नसल्यासारखा दिसू शकतो. दुसऱ्या चाळणीतही तो तसाच राहिला तर शंका घट्ट होते. घाई नसेल तर काही न करता थांबलात तरी चालेल, केमेमलीक स्वतःहून दर दहा मिनिटांनी चाळतोच.

अहवालात तुकड्याचा पत्ता, आकार, आतले पहिले काही बाइट आणि कोणत्या फंक्शनातून कोणत्या फंक्शनात जात तो मागितला गेला त्याची माळ असते. माळेत वरची नावं कर्नलच्या मेमरी वाटपाची असतात. त्यांना ओलांडून खाली या; ड्रायव्हरच्या फंक्शनाचं पहिलं नाव आलं की थांबा. ते लिहून घ्या.

केमेमलीक गप्प बसला म्हणून ड्रायव्हर निर्दोष नाही. थेट उचललेली पानं तो मोजत नाही. आणि एखादी यादी फक्त वाढतच चालली असेल, कोणी तिच्यातून काही काढत नसेल, तर प्रत्येक तुकड्याचा पत्ता यादीत असतोच. वहीत नोंद आहे, फक्त वही कोणी उघडत नाही. अशी गळती डोळ्यांनीच शोधावी लागते.

पायरी ६: कोडमध्ये फक्त ‘परत’च्या जागा वाचा

पूर्ण ड्रायव्हर वाचायला बसू नका. ते फंक्शन उघडा, मेमरी जिथे मागितली त्या ओळीवर बोट ठेवा, आणि तिथून खाली फंक्शनातून बाहेर पडणारी प्रत्येक वाट मोजा: ‘रिटर्न’, ‘गोटू’, ‘कंटिन्यू’. प्रत्येक वाटेवर एकच प्रश्न: जाळी आता कोणाची? वरच्या थराला दिली असेल तर आपली जबाबदारी संपली. दिली नसेल तर इथेच मोकळी व्हायला हवी.

पॅकेट पाठवण्याच्या बाजूला नियम ठरलेला आहे. कर्नल ड्रायव्हरला एसकेबी देतो. ड्रायव्हरने ‘नेटडेव्ह टीएक्स ओके’ परत केलं म्हणजे एसकेबी त्याचा झाला, मग पॅकेट तारेवर गेलेलं असो वा नसो. डीएमएची (कार्डाने थेट मेमरी वाचण्याची) जोडणी फसली, ड्रायव्हरने चूक मोजली, ओके म्हणून परतला आणि एसकेबी मोकळा करायला विसरला, ही जुनी आणि वारंवार सापडणारी चूक. उलट ‘बिझी’ परत करताना मोकळा केला तर तोच तुकडा दोनदा मोकळा होतो, आणि ते गळतीपेक्षा वाईट. म्हणून दुरुस्तीच्या उत्साहात दिसेल तिथे ‘केफ्री’ टाकत सुटू नका.

आमच्या ॲडॉप्टरचा ड्रायव्हर एका यूएसबी गठ्ठ्यातून अनेक फ्रेम वेगळ्या काढायचा. प्रत्येक फ्रेमसाठी आधी एसकेबी मागायचा, मग ती ठीक आहे का तपासायचा. खराब निघाली तर चुकांचा मोजक एकने वाढवून ‘कंटिन्यू’. बस. मधली एक ओळ लिहायची राहिली होती.

बिघाडाची वाट मुद्दाम चालवून बघायची असेल तर कर्नलमध्ये ‘फेलस्लॅब’ आहे. मेमरीची मागणी तो ठरवलेल्या प्रमाणात मुद्दाम नाकारतो, आणि एरवी वर्षात एकदा चालणारी वाट मिनिटाला शंभरदा चालते.

बग की सुरक्षेतलं भगदाड?

यावर अनुभवी लोकही भांडतात. ‘मोकळी न केलेली मेमरी’ या प्रकाराला कमजोऱ्यांच्या यादीत सीडब्ल्यूई-४०१ असा क्रमांक आहे, पण प्रत्येक गळती भगदाड नसते. मी विचारतो ते एवढंच: नळ कोणाच्या हातात आहे?

२०१९ मध्ये लिनक्सच्या ड्रायव्हरांतल्या अशा गळत्यांना एकामागोमाग सीव्हीई क्रमांक, म्हणजे उघड झालेल्या सुरक्षा त्रुटींचे क्रमांक, मिळाले. सीव्हीई-२०१९-१९०५२ घ्या. यूएसबीवरच्या एका कॅन बस (गाड्या-यंत्रांतले भाग जोडणारं जाळं) ड्रायव्हरमध्ये, ५.३.११ च्या आधीच्या कर्नलांत, यूएसबीकडे विनंती पाठवणं फसलं की मेमरी अडकून राहायची. म्हणजे आधी ती विनंती फसवता यायला हवी. त्याच काळातल्या एका ग्राफिक्स ड्रायव्हरच्या नोंदीवर, सीव्हीई-२०१९-१९०६७ वर, उघड आक्षेप आला: ही गळती घडवायला मॉड्यूल चढवण्याचा अधिकार लागतो, आणि तो ज्याच्याकडे आहे त्याला मेमरी संपवायची गरजच काय? मला तो आक्षेप पटतो.

आमच्याकडे उत्तर आधी सोपं वाटलं. खराब चेकसमची फ्रेम स्विच सहसा पुढे जाऊ देत नाही, म्हणजे त्रास देणाऱ्याला त्याच केबलवर असावं लागेल. तसा फक्त वेल्डर होता. पण कोड पुन्हा वाचला तर तोच ‘कंटिन्यू’ मर्यादेपेक्षा लांब फ्रेमलाही लागू होता. लांब फ्रेम पुढे जाऊ देणारा स्विच मध्ये असेल तर नेटवर्कवरचं कुठलंही मशीन, पासवर्डशिवाय, अशा फ्रेम पाठवू शकतं. सेकंदाला हजार पाठवल्या तर २ एमबी. ३५० एमबी तीन मिनिटांच्या आत संपतात. वेल्डिंगला जे करायला अठरा दिवस लागले ते.

शेजारची दुसरी ‘गळती’

मेमरी लीक या एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. दुसरीत मेमरी अडकत नाही, तिच्यातला मजकूर बाहेर जातो. जानेवारी २००३ मध्ये उघड झालेली ‘इथरलीक’, सीव्हीई-२००३-०००१, ही तिचं उत्तम उदाहरण. इथरनेट फ्रेममध्ये किमान ४६ बाइट मजकूर लागतो. कमी असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची. कित्येक ड्रायव्हर ती भरायचेच नाहीत. त्या जागेत आधी जे काही पडलेलं असेल, कोणाच्या तरी जुन्या पॅकेटचा तुकडा, ते तसंच तारेवर जायचं.

हे घरी तपासता येतं. आपल्याच जुन्या राउटरला ‘पिंग’ करा, मायनस एस १ लावून, म्हणजे एकच बाइट. आयपी मथळा २०, आयसीएमपी (पिंगचा स्वतःचा) मथळा ८, मजकूर १, एकूण २९; उरले १७ बाइट. ‘टीसीपीडंप’ला मायनस दोन मोठे एक्स देऊन राउटरकडून आलेल्या उत्तराचं शेपूट बघा. सगळी शून्यं असतील तर ठीक. वेगवेगळ्या पिंगला वेगवेगळा कचरा दिसला तर राउटर बदलण्याचं मनावर घ्या. बघायचं ते आलेल्या पॅकेटचं. आपण पाठवलेलं पॅकेट टीसीपीडंपला भरण होण्याआधीच दिसतं.

हे सगळं स्वतःच्या वस्तूंवर. कॉलेजच्या वाय-फायवर किंवा सोसायटीच्या नेटवर्कवर प्रयोग केलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ लागू शकतात: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कळवायचं कोणाला

ड्रायव्हर कर्नलच्या मूळ कोडमधला असेल तर ‘मेंटेनर्स’ फाइलीत त्याच्या सांभाळणाऱ्यांचे पत्ते असतात. सोबतची ‘गेट मेंटेनर’ स्क्रिप्ट ते काढून देते. दुसऱ्याला नळ सोडता येतो असं दिसलं तर आधी कर्नलच्या सुरक्षा टीमला खासगी मेल, चावडीवर नको. सीव्हीई क्रमांकासाठी धावपळ करू नका; फेब्रुवारी २०२४ पासून कर्नलची टीमच ते देते, दुरुस्ती स्थिर आवृत्तीत गेल्यावर. ड्रायव्हर आमच्यासारखा झिपमधून आलेला असेल तर आधी उत्पादकाला लिहा, उत्तर येत नसेल तर ‘सर्ट-इन’ला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला. मेलमध्ये हे असू द्या: कर्नल आवृत्ती, ड्रायव्हर आवृत्ती, घडवण्याचा क्रम, केमेमलीकची माळ, आणि तासाला किती जातं तो आकडा. मोठा निबंध कोणी वाचत नाही.

दुरुस्ती येईपर्यंत: ॲडॉप्टर बदलता आला तर बदला, चार पैशांसाठी जागरण करू नका. बदलता येत नसेल तर आपण ठरवलेल्या वेळी रिस्टार्ट, आणि मेमअव्हेलेबल ठरावीक आकड्याखाली गेला की मेसेज.

आणि दुरुस्ती तपासायची ती बिघाडासकट. एक ओळ घालून ड्रायव्हर बांधला आणि केबल पुन्हा वेल्डिंग मशीनच्या वायरीला बांधायला घेतली, तेव्हा नाना धावत आले. "अरे, तूच नाही का मागच्या आठवड्यात इथून काढायला लावलीस?"

"आठ दिवस राहू द्या नाना. चुका झाल्या पाहिजेत."

नानांनी डोक्याला हात लावला. संध्याकाळी वही उघडली तेव्हा डावीकडच्या रकान्यात चुका तासाला चारशेच्या गतीने चढत होत्या. उजवीकडचा २के चा आकडा सकाळी जिथे होता तिथेच होता.